फिटरचा नंबर

१

नंबरचं लॉक घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला खटका आधी दोन प्रश्न विचारायचा. घरात माणसं किती, आणि त्यांतली विसराळू किती. उत्तर ऐकून तो मागच्या फळीवरून एक खोका काढायचा, आणि मग गिऱ्हाइकाने कितीही नाक मुरडलं तरी दुसरा खोका निघायचा नाही. घराला फोनवर निरोप पाठवणारं, दुकानाला जाड बटणांचं, कारण दुकानात हात ओले, तेलकट, कसेही असतात. आणि कुठलंही घ्या, बटणं बाहेरच्या बाजूला. आतून साधी मूठ. "आत यायला नंबर लागू दे," तो म्हणायचा, "बाहेर पडायला लागता कामा नये. उद्या आग लागली तर नंबर आठवत बसाल का?"

त्याचं नाव खटका पडलं ते त्याच्या कानामुळे. कोणी नंबर विसरून दाराबाहेर अडकला की हा यायचा, मालकाला शेजारून पाणी आणायला पिटाळायचा, दाराला कान लावायचा, आणि पाणी येईपर्यंत दार सताड उघडं. "आतला खटका ऐकू येतो याला," लोक म्हणायचे. ऐकू बिकू काही येत नव्हतं. प्रत्येक लॉकमध्ये बसवणाऱ्यासाठी एक वेगळा नंबर असतो, फिटरचा नंबर. काम झालं की तो पुसायचा असतो. खटका पुसायचा नाही. एकशे चाळीस दारांत त्याने एकच नंबर ठेवून दिला होता, ७०५२, त्याच्या पहिल्या स्कूटरचा. मालकाच्या फोनवर कधी 'फिटर' असं उमटलंच तर तो सांगायचा, "काही नाही, कंपनी आपली आपण तपासणी करते." त्या नंबराने दार तर उघडायचंच, लॉकमधले बाकीचे नंबरही बदलता यायचे. त्याने कधी कोणाच्या घरात वाकडं पाऊल टाकलं नाही, हे कबूल करायला हवं. पण वाहवा मिळाल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

स्वतःच्या दारालाही त्याने तोच नंबर ठेवला होता. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आईचे गुडघे गेलेले, कान अर्धे. दुपारभर ती एकटी, म्हणून त्याने पोलादी दार बसवलं, खिडक्यांना गज लावले, आणि दाराला दुकानातलं सगळ्यांत भारी, काचेच्या बटणांचं लॉक, ज्याला किल्लीचं भोकसुद्धा नाही. "हातोडा घेऊन दोन दिवस बसलात तरी उघडायचं नाही," असं तो छाती फुगवून सांगायचा. आईला त्याने एकच नियम पढवला होता. ज्याला नंबर माहीत तो आपला. जो दार वाजवेल तो परका. परक्याला उघडायचं नाही, मग तो कोणाचंही नाव सांगो.

"आणि तूच वाजवलंस तर?" आईने विचारलं होतं.

"मी कशाला वाजवीन? मला नंबर माहीत आहे."

२

दातांच्या दवाखान्याची डॉक्टरीणबाई दुकानात आली तीच भांडायच्या तयारीत. तिला औषधांच्या खोलीला लॉक हवं होतं, आणि नुसतं लॉक नको, कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, सगळं लिहून ठेवणारं हवं होतं.

"माझ्याकडची माणसं चोर आहेत," ती म्हणाली. तिच्याकडचं एकुलतं एक माणूस, साफसफाईच्या मावशी, पिशवी धरून तिच्या मागेच उभ्या होत्या. मावशींनी छताकडे पाहिलं.

खटक्याच्या फळीवर दोन वर्षं धूळ खात पडलेलं एक लॉक होतं. काचेचं, सुबक, पंजा टेकवला की आकडे उजळणारं. खोट एवढीच की त्याला बटणं दोन्ही बाजूंनी होती. आत जायला नंबर, बाहेर यायलाही नंबर. असलं लॉक खटक्याने एरवी हातात धरलं नसतं. पण फळी मोकळी होत होती, बाई स्वतःच्या तोंडाने मागत होती, आणि त्याने स्वतःचा नियम सोयीस्कर गिळून टाकला.

ती खोली पूर्वी एक्स-रेची होती. भिंतींना आणि दाराला आतून शिशाचे पत्रे, खिडकी नाही, दिव्याचं बटण बाहेर. आत तीन लोखंडी कपाटं आणि एक मोडकी खुर्ची. दार आपोआप ओढून घेणारा दांडा वर होताच. खटक्याने सकाळभर खपून लॉक बसवलं, बाईंनी आपला नंबर घातला, ९१४०, आणि याने नेहमीप्रमाणे आपला राहू दिला.

"नीट चाललं नाही तर परत बोलावीन," बाई म्हणाल्या. आभार मानायची त्यांच्या घरी पद्धत नसावी.

३

तेहेतीस दिवस काही नाही. चौतिसाव्या दिवशी सकाळी फोन आला. खटका पोचला तेव्हा बाई मावशींना फैलावर घेत होत्या.

"दुपारी दवाखाना बंद असतो. एक ते पाच. मी घरी. ही इथे बाकावर झोपते, आणि म्हणते की आतून बटणं वाजतात. आतून! आत कोण बसलंय, विचारा हिला."

"मी काय बघायला गेले?" मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे नंबर तरी आहे का? टीं टीं टीं टीं वाजतं, मग थांबतं. मग परत. रोज. मी आता कानात बोळे घालते."

खटक्याने हसून मोबाईल दाराजवळ धरला. लॉकच्या पोटातली यादी पडद्यावर आली, आणि त्याचं हसू होतं तिथेच राहिलं.

आतल्या बाजूने, चुकीचा नंबर, ६५९५. आतल्या बाजूने, चुकीचा नंबर, ६५९६. ६५९७. ६५९८. ६५९९. काल दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी. त्याआधी पाच मिनिटांचा खंड, कारण पाच वेळा चुकलं की ते लॉक पाच मिनिटं कोणाचं ऐकत नाही. त्याच्याआधी परत पाच. ६५९०, ६५९१, ओळीने. तो बोट सरकवत मागे मागे गेला. रोज एक वीसला सुरू, चार चाळीसच्या आत बंद. रोज बरोबर दोनशे. एकही आकडा सुटलेला नाही, एकही दोनदा नाही.

यादीत शेवटच्या पाचशेच नोंदी राहतात. पण खटक्याला हिशोब येत होता. सहा हजार सहाशे भागिले दोनशे, तेहेतीस. म्हणजे ज्या दिवशी त्याने लॉक बसवलं, त्याच दुपारी कोणीतरी आत शून्यापासून सुरुवात केली होती.

त्याने दार उघडलं. तीन कपाटं, मोडकी खुर्ची, औषधांचा वास. खुर्ची दाराच्या जवळ, दाराकडे तोंड करून होती. त्याने पिशवीतून शिशपेन्सिलीच्या भुकटीची डबी काढली. किल्लीच्या कुलपात सोडतात ती, आणि काचेवर फुंकली की कुठली बटणं जास्त दाबली जातात ते कळतं. आतल्या काचेवर त्याने फुंकर मारली. दहाही आकडे सारखेच काळे झाले. आणि त्यांच्यावर पसरलेला एक पंजा उमटला, पाचही बोटांसकट, मोठा, पुरुषी. त्यावर रेषा नव्हत्या. एकही नाही.

रबरी हातमोजे, त्याने स्वतःला सांगितलं. दातांचा दवाखाना आहे, इथे सगळेच मोजे घालतात.

"काय आहे?" बाईंनी मागून विचारलं.

"सर्किट बिघडलंय. आपलं आपण मोजत बसतं."

"मी दात काढते, मला सर्किटं शिकवू नका. दुरुस्त होणार का नाही?"

तेव्हा खटक्याला एक झकास युक्ती सुचली. जे काही मोजत होतं ते सरळ पुढे जात होतं, मागे वळून बघत नव्हतं. त्याने बाईंचा नंबर बदलून २३१८ केला. तो आकडा केव्हाच होऊन गेला होता. "आता बसू दे दहा हजारांपर्यंत मोजत," तो म्हणाला, आणि भुकटी पुसून टाकली. काच पुसताना ती जरा कोमट लागली. तेवढंच.

४

दुपारी जेवताना त्याने आईला सगळं रंगवून सांगितलं. पंजाचं सोडून.

"तुझ्या बटणांत जीव आला म्हण की," आई म्हणाली. तिला ते लॉक पहिल्यापासून आवडत नव्हतं. "साधी कडी होती तेव्हा बरं होतं. कडीला काही आठवावं लागायचं नाही."

"अगं, पण युक्ती बघ ना. नंबर मागच्या मागे ठेवून दिला. आता कुठून सापडणार?"

"आणि तुझा?"

"माझा काय?"

"आपल्या दाराचा तो. सात हजार काहीतरी. सगळीकडे तोच ठेवतोस ना? तो मागे गेला, की अजून पुढे आहे?"

खटक्याचा घास हातातच राहिला. आज ६६००पासून. उद्या ६८००पासून. परवा ७०००. परवा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, पुढे मागे नाही, त्या खोलीत ७०५२ दाबलं जाणार होतं आणि दार उघडणार होतं. ते एकच दार असतं तर गोष्ट वेगळी. पण त्या चार आकड्यांवर एकशे चाळीस दारं होती, आणि त्यांतलं एक त्याच्या पाठीमागे, चार हातांवर होतं.

"सर्किट आहे," तो म्हणाला. "सर्किटाला काय करायचीत घरं?"

"मग तोंड का पडलं तुझं?"

दवाखान्यातलं ते लॉक त्याला पाठ होतं. त्यात फिटरचा नंबर बाहेरून बदलता येत नसे; पुसायचा तर आतल्या बाजूचं झाकण खोलावं लागे, आणि तेही दार पूर्ण बंद असताना, लॉकची जीभ चौकटीत गेलेली असताना. दार उघडं असलं तर ते लॉक पुसूच देत नसे. म्हणजे आत जाऊन दार लावून घ्यायला हवं. दहा मिनिटांचं काम. उद्या एकच्या आधी उरकून टाकू, त्याने ठरवलं, आणि हातातला घास तोंडात टाकला.

५

दुसऱ्या दिवशी साडेबारालाच तो दवाखान्यात हजर. पण बाईंच्या खुर्चीत एक दाढ काही केल्या निघत नव्हती.

"थांबा," बाई आतून ओरडल्या. "तुम्हाला आज बोलावलं कोणी?"

"पाचच मिनिटं, बाई. एक स्क्रू..."

"पेशंट असताना ठोकाठोक नको, सांगितलं ना?"

तो बाकावर बसला. भिंतीवरचं घड्याळ बघत राहिला. पाऊण. एक. एक दहा. गाल धरून पेशंट गेला, हात पुसत बाई गेल्या, जाताना मावशींना म्हणाल्या, "सगळे दिवे बंद कर. तुझ्या बापाचं बिल नाही येत." एक चौदाला खटका खोलीत शिरला. मोबाईल त्याने बाहेर चार्जिंगला लावला होता. शिशाच्या भिंतींत तसाही तो मुका व्हायचा. दार लावून घेतलं. जीभ चौकटीत गेल्याचा घर्र आवाज आला.

छोटी बॅटरी दातांत धरून त्याने झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. दोन निघाले. तिसऱ्याची खाच झिजलेली. दोन वर्षं पडलेला माल, दुसरं काय होणार! त्याने पेचकस दाबला, शिवी हासडली, पुन्हा दाबला. आणि वरचा दिवा गेला. मावशींनी बाईंचं ऐकलं होतं.

"मावशी!" तो ओरडला. शिशाने आवाज गिळला. शिवाय मावशींच्या कानांत बोळे होते.

ठीक आहे, बॅटरी आहे, त्याने स्वतःला समजावलं. अजून पाच मिनिटं आहेत. नसली तरी काय, सर्किट आहे. सर्किट माणसाला चावत नाही.

तेवढ्यात काच आपली आपण उजळली.

दहाही आकडे लागले, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. त्याचे दोन्ही हात पेचकसावर होते. त्याने ते हळूच मागे घेतले. ६ विझला आणि पुन्हा लागला. टीं. ८ विझला आणि लागला. टीं. आकडे विझत नव्हते, हे त्याला तिसऱ्या टींला कळलं. ते झाकले जात होते. काच आणि त्याचं तोंड यांच्यामध्ये काहीतरी येत होतं आणि जात होतं, बोटाच्या रुंदीचं, आणि बॅटरीचा उजेड त्यावर पडत नव्हता. त्याने तोंड उघडलं. बॅटरी खाली पडली आणि विझली.

६८००. लाल. ६८०१. लाल. चुका करायची घाई नव्हती, वैताग नव्हता. शाळेतल्या शहाण्या मुलासारखं ओळीने काम चाललं होतं. ६८०४ झालं, लाल दिवा तीनदा मिचकावला आणि काच काळी झाली. पाच मिनिटं.

पाच मिनिटं किती लांब असतात हे खटक्याला त्या दिवशी कळलं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. समोर मोडक्या खुर्चीने एकदा करकर केलं, कोणी वाट बघायला बसावं तसं. श्वास एकाचाच ऐकू येत होता. तो आपलाच आहे याची त्याने दोनदा खात्री करून घेतली, श्वास रोखून. दोन्ही वेळा आवाज थांबला. त्यामुळे त्याला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली, कारण मग समोर बसलेलं जे होतं त्याला श्वासाची गरज नव्हती.

काच उजळायच्या क्षणी त्याने झेप घेतली. पंजा मारला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला, चुकू नये म्हणून. "सात! शून्य! पाच! दोन!"

हिरवा. घर्र. तो बाहेर कोसळला. दार त्याच्या मागे दांड्याने ओढून घेतलं.

६

बेसिनवर त्याने तोंडावर पाणी मारलं. मागे कुठेतरी घर्र झालं. दार लागलं असेल, त्याला वाटलं. मावशी बाकावर घोरत होत्या. तो दाराकडे बघत वीस मिनिटं बसला. आतून एकही टीं आली नाही. एक तीस, एक पस्तीस, चाळीस, काही नाही. त्याला हायसं वाटलं. मग लाज वाटली. मग रागही आला, कारण भ्यालेल्या माणसाला राग येणं सोपं असतं.

त्याने मोबाईल घेऊन यादी काढली. ६८०४, चुकीचा. त्याखाली, आतल्या बाजूने, फिटर, ७०५२, दार उघडलं, एक पंचवीस. तो. त्याखाली, आतल्या बाजूने, फिटर, ७०५२, दार उघडलं, एक सव्वीस.

त्याने दोनदा दाबलं नव्हतं.

ज्याला मोजून मोजून उद्या मिळणार होतं, ते याने आजच तोंडाने म्हणून, बोटाने दाखवून हातात दिलं होतं. आता मोजायची गरज नव्हती. आत कोणी उरलंच नव्हतं.

मोबाईल हातातच वाजला. कोपऱ्यावरचे शिंपी. "अहो खटकाशेठ, फोनवर आलंय, 'फिटर, दार उघडलं', एक बत्तीसला. ही तुमची कंपनीची तपासणी का? ही म्हणते दार खरंच उघडलं आणि लागलं. कोणी दिसलं नाही."

"तपासणीच," खटका म्हणाला. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

लगेच दुसरा. पुलाजवळचे निवृत्त मास्तर. "एक एकेचाळीस. हे काय आहे हो? माझी नात घरात एकटी आहे. तुमची कंपनी दुपारची झोपत नाही का?" तिसरा, पाण्याच्या टाकीमागच्या बाई. एक एकोणपन्नास. त्या रडकुंडीला आल्या होत्या. दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं, कोणी आत डोकावून हे घर ते नव्हे असं बघावं तसं. मग लागलं.

शिंपी, मास्तर, टाकी. खटक्याने डोळ्यांसमोर रस्ता आणला. दवाखान्यातून घरी जायला तो रोज ज्या रस्त्याने जायचा, तोच. टाकीनंतर त्याने बसवलेलं एकच दार येत होतं.

पिशवी तिथेच टाकून तो धावत सुटला.

७

दोन वाजून पाच मिनिटांनी तो जिन्यावर होता. मजल्यावर सामसूम, शेजारी दुपारी कामावर असायचे. त्याचं पोलादी दार बंद होतं, जसं असायला हवं तसं. त्याने पंजा टेकवला. काच कोमट होती.

७०५२.

लाल.

चुकलं असेल. बोटं घामेजलेली होती. शर्टाला पुसून त्याने सावकाश दाबलं. सात, शून्य, पाच, दोन. लाल. फिटरच्या नंबराने बाकीचे नंबर बदलता येतात. या भारी लॉकात फिटरचासुद्धा. हे गिऱ्हाइकाला तो कधी सांगत नसे.

"आई!" त्याने दारावर दोन्ही मुठी मारल्या. "आई, दार उघड! आतली मूठ फिरव!"

आत खुर्ची सरकली. आईची काठी ठक ठक करत आली आणि दाराच्या पलीकडे थांबली.

"कोण आहे?"

"मी आहे गं! मी! उघड आधी!"

मग आई बोलली, पण त्याच्याशी नाही. मान वळवून, घरात कोणाशी तरी. "अरे, बाहेर कोणीतरी तुझ्यासारखा आवाज काढतोय बघ."

खटका दाराला चिकटला. "आई, तो मी नाही! आत आहे तो मी नाही! तू त्याच्याकडे नीट बघ, त्याचा हात बघ, हातावर रेषा..."

"ओरडू नका," आई म्हणाली. परक्या माणसाशी बोलावं तशी, चढ्या आवाजात, पण धीराने. "माझा मुलगा घरात आहे. आत्ताच आलाय. चार बटणं दाबून आला, एकदाही न चुकता. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. तुम्हाला नंबर माहीत नाही, तुम्ही दार वाजवताय. जा इथून."

"आई, मीच तुला तो नियम..."

"जा म्हणते ना!"

काठी मागे फिरली. ठक. ठक. तो बाजूच्या खिडकीकडे धावला. गजांच्या मागे दुधी काच. त्यातून आईची खुर्ची दिसत होती, नुसता रंग, आणि तिच्यात बसणारी आईची बारकी आकृती. खुर्चीच्या मागे कोणीतरी उभं होतं. उंची त्याचीच. खांदे त्याचेच, डावा जरा खाली. ते हललं नाही. फक्त हात उचलला आणि आईच्या डोक्यावर ठेवला.

"ताप आहे का रे तुला?" आईचा आवाज आला, मायेने, त्याच्याशी ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती तितक्या. "हात केवढा गरम लागतोय. आणि बोलत का नाहीस?"

खटक्याने गज ओढले. ते त्यानेच बसवले होते, भिंतीत वीतभर खोल. दाराला त्याने लाथ मारली, आणि दार जसं होतं तसं राहिलं, कारण त्याला दुकानातलं सगळ्यांत भारी लॉक होतं आणि त्या लॉकला किल्लीचं भोकसुद्धा नव्हतं. हत्यारांची पिशवी दवाखान्यात. हातोडा आणला असता तरी दोन दिवस, हे त्यानेच गल्लीभर सांगितलं होतं. तो ओरडला, खालच्या मजल्यापर्यंत ओरडला. कोणी आलं नाही.

दाराशी तो परत आला तेव्हा त्याला रडू येत होतं, आणि रडतानाही डोक्याचा एक कोपरा हिशोब करत होता. दहा हजार आकडे. पाच वेळा चुकलं की पाच मिनिटं थांबायचं. तासाला साठ. रात्रंदिवस, न झोपता, न उठता, एकही आकडा न गाळता केलं तर सात दिवस. जरा नशीब असलं तर चार.

दोन वेळा चुकून झालं होतं. तीन उरल्या होत्या. त्याने काचेवर पंजा टेकवला. आकडे उजळले.

० ० ० ०. लाल.

आतून आईचा आवाज आला, आता जरा घाबरलेला. "ऐकलंस? बटणं वाजवतोय बाहेर. तू दाराजवळ नको जाऊस रे, माझ्याजवळच थांब."

० ० ० १. लाल.